विकतचे ऊन आणि कायद्याची सावली

मराठीत ‘रापणे’ हे क्रियापद कष्टाशी जोडलेले आहे. शेतात राबणारा, होडी वल्हवणारा, रस्त्यावर खडी फोडणारा माणूस उन्हाने रापतो; सावलीत बसून कारभार पाहणारा रापत नाही. त्यामुळे कातडी रापवून घेण्यासाठी कोणी पैसे मोजावेत, आणि त्यासाठी विजेच्या नळ्या बसविलेल्या पेटीत उघड्या अंगाने पडून राहावे, ही गोष्ट आपल्याकडील वाचकास प्रथमदर्शनी विनोदी वाटण्याचा संभव आहे. परंतु युरोप आणि अमेरिका येथे जवळजवळ अर्धशतक चालत आलेला हा एक रीतसर व्यवसाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली या यंत्रांचा समावेश मानवास निश्चितपणे कर्करोग जडविणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात केला. तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस ही याच गटातील मंडळी होत. या गटवारीतून पुराव्याची निःसंदिग्धता दिसते, धोक्याचे परिमाण नव्हे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही पुरावा निःसंदिग्ध ठरल्यानंतर निरनिराळ्या सरकारांनी या धंद्याचे काय केले, ही कथा केवळ वैद्यकाची नाही. ग्राहकाचे स्वातंत्र्य, कराची उपयुक्तता आणि बंदीची वेळ या अर्थकारणातील तीन जुन्या प्रश्नांची ती परीक्षा आहे.

प्रतिष्ठेचा रंग

कातडीच्या रंगाला आर्थिक अर्थ असतो. युरोपातही काही शतके गोरेपणा हेच कुलीनतेचे लक्षण होते, कारण बहुसंख्य लोक शेतावर राबत. कारखानदारी वाढली, श्रमिक छपराखाली गेला, गिरणीत आणि खाणीत त्याची कातडी फिकट पडली, तेव्हा समीकरण उलटले. समुद्रकिनारी आठवडे घालवण्याइतका पैसा आणि फुरसत ज्याच्यापाशी आहे, त्याचा रंग तांबूस दिसू लागला. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली निरुद्योगी वर्गाविषयीच्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले होते, की फुरसत नुसती असून भागत नाही, ती चारचौघांत दिसावी लागते. रापलेली कातडी म्हणजे अंगावर वागवलेली अशी फुरसतच होय.

वैद्यकानेही या आवडीला प्रारंभी हातभार लावला. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचाराबद्दल १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि प्रकाश म्हणजे आरोग्य, ही कल्पना लोकमानसात रुजली. पुढे १९७०च्या दशकात फ्रीडरिश वोल्फ या जर्मन संशोधकाच्या नळ्यांमुळे कातडी रापविणारी यंत्रे व्यापारी प्रमाणावर निघाली. दशक संपण्याच्या सुमारास ती अमेरिकेत पोहोचली आणि १९८०च्या दशकात शहरोशहरी त्यांची दुकाने उघडली. जी फुरसत पूर्वी किनाऱ्यावर महिनाभर राहून मिळवावी लागे, तिचा देखावा आता भर हिवाळ्यात दहा-पंधरा मिनिटांत विकत मिळू लागला. ऐपतीचे लक्षण स्वस्त झाले की ते खालच्या वर्गात झपाट्याने पसरते. त्याप्रमाणे या दुकानांचे नेमाचे गिऱ्हाईक श्रीमंत न राहता तरुण मुली, त्यातही विद्यार्थिनी आणि नोकरदार मुली, हे झाले.

यंत्र काय करते?

सूर्यप्रकाशातील जे अतिनील किरण आपल्यापर्यंत पोहोचतात, त्यांचे ए आणि बी असे दोन प्रकार मानतात. बी किरणांनी कातडी भाजून लाल होते; ए किरण अधिक खोल शिरतात. रापविण्याच्या यंत्रांतून मुख्यत्वे ए किरण बाहेर पडतात, आणि शक्तिशाली यंत्रांत त्यांचे प्रमाण भूमध्य समुद्राकाठच्या दुपारच्या उन्हाच्या दहा ते पंधरा पट असू शकते. दोन्ही प्रकारांनी पेशींतील आनुवंशिक द्रव्याला इजा पोहोचते. कातडीचा बदलणारा रंग हा या इजेला शरीराने दिलेला जबाब आहे. आणखी इजा होऊ नये म्हणून कातडी मेलॅनिन हे रंगद्रव्य वाढवते. म्हणजे ग्राहक ज्याला सौंदर्य समजून पैसे देतो, ते वस्तुतः झालेल्या नुकसानीचे चिन्ह असते.

२००६ साली उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित विचार करण्यात आला. तेव्हा असे दिसून आले, की पस्तिशीच्या आत ज्यांनी ही यंत्रे वापरण्यास आरंभ केला, त्यांच्यात मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगाचा धोका इतरांच्या तुलनेने ७५ टक्क्यांनी अधिक होता. पुढे २०१२ साली अधिक अभ्यास जमेस धरून हा आकडा ५९ टक्क्यांवर आला. हा धोका सापेक्ष आहे. शंभरांतील एकोणसाठ जणांना कर्करोग होतो, असा त्याचा अर्थ नव्हे. परंतु वापरणारे लक्षावधी असतात तेव्हा सापेक्ष धोक्यातील वाढीचे रूपांतर रुग्णालयांतील प्रत्यक्ष खाटांत होते. अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलिया मिळून दरवर्षी मेलॅनोमाचे १० हजारांवर आणि त्वचेच्या इतर कर्करोगांचे साडेचार लाखांवर रुग्ण या यंत्रांमुळे निर्माण होतात, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने उद्धृत केला आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. कोड किंवा सोरायसिस यांसारख्या विकारांवर रुग्णालयांत अतिनील किरणांचे उपचार केले जातात, तसे ते आपल्याकडेही होतात. त्यात मात्रा डॉक्टर ठरवतो, तिची नोंद राहते आणि अपेक्षित लाभ धोक्याशी ताडून पाहिला जातो. दुकानातील पेटीत यांपैकी काहीच नसते. प्रस्तुत विषय त्या उपचारांचा नाही.

स्वतंत्र ग्राहकाची कल्पना

या धंद्याच्या बचावाचा मुख्य मुद्दा असा, की प्रौढ माणसाने स्वतःच्या कातडीचे काय करावे हे त्याचे त्याने ठरवावे. मुद्दा हलका नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली स्वातंत्र्यावरील आपल्या निबंधात विषाच्या विक्रीचे उदाहरण घेऊन म्हटले होते, की विष विकण्यास मनाई करण्याऐवजी बाटलीवर धोक्याची सूचना लावणे पुरेसे आहे; कारण विकत घेणाऱ्याला आपण काय घेतो हे कळणे महत्त्वाचे. उदारमतवादी अर्थशास्त्राची भिस्त आजही बव्हंशी याच विचारावर आहे. मात्र या विचाराला काही अटी आहेत. खरेदी करणाऱ्याला खरी माहिती हवी, तो सज्ञान हवा, आणि पुन्हा पुन्हा निवड करताना त्याचे मन मोकळे हवे. रापविण्याच्या बाजारात या तिन्ही अटी कितपत पाळल्या जातात?

प्रथम माहिती. व्यवसायाकडून दोन गोष्टी वारंवार सांगितल्या गेल्या: सहलीस जाण्यापूर्वी थोडे रापून घेतले की ऊन बाधत नाही, आणि यंत्रामुळे ड जीवनसत्त्व मिळते. पहिली गोष्ट फसवी आहे. असा रंग तीन-चार क्रमांकाच्या मलमाइतकेच संरक्षण देतो, आणि तेही इजेच्या मोबदल्यात. दुसरी अर्धवट आहे. ड जीवनसत्त्व मुख्यतः बी किरणांमुळे तयार होते, ही यंत्रे मुख्यतः ए किरण सोडतात, आणि तेच जीवनसत्त्व गोळीतून अल्प किमतीत मिळते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या व्यवसायाच्या राष्ट्रीय संघटनेवर सुरक्षिततेच्या खोट्या दाव्यांबद्दल आरोप ठेवले आणि २०१० साली तिला असे दावे न करण्याची हमी द्यावी लागली. परंतु २०१२ साली अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीच्या तपासनिसांनी गोऱ्या कातडीची अल्पवयीन मुलगी असल्याची बतावणी करून देशभरच्या ३०० दुकानांना दूरध्वनी केले, तेव्हा दहांपैकी नऊ दुकानांनी प्रकृतीला काही धोका नाही, असेच सांगितले. मिलची बाटली येथे होती. तिच्यावरील चिठ्ठी मात्र दुकानदाराने उलटी लिहिली होती.

दुसरी अट वयाची. मिलने स्वतःच आपला सिद्धान्त मुलांना लागू नसल्याचे स्पष्ट केले होते. या धंद्यात तर धोका आणि वय यांचा संबंध थेट आहे: जितक्या लहान वयात आरंभ, तितका धोका अधिक. त्यात लाभ आज आणि नुकसान वीस-तीस वर्षांनी, अशी कालाची विषमता आहे. सतरा वर्षांच्या मुलीला शनिवारचा समारंभ दिसतो, पंचेचाळिसावे वर्ष दिसत नाही. भविष्यातील नुकसानीवर मनुष्य मोठा बट्टा धरतो, हे अर्थशास्त्रातील साधे निरीक्षण आहे. तारुण्यात हा बट्टा सर्वांत मोठा असतो.

तिसरी अट मोकळ्या मनाची. अतिनील किरणांमुळे कातडीत एंडॉर्फिन नावाचे अफूसारखा परिणाम करणारे द्रव्य तयार होते, हे २०१४ साली उंदरांवरील प्रयोगात दाखविण्यात आले. त्याआधी वारंवार रापवून घेणाऱ्या काही जणांना अफूचा परिणाम रोखणारे औषध दिले असता व्यसन सुटताना होतात तशी लक्षणे दिसली होती. प्रत्येक गिऱ्हाईक व्यसनी असते असे यावरून म्हणता येणार नाही. परंतु जी निवड शरीर हळूहळू स्वतःच करू लागते, तिला स्वतंत्र निवड म्हणणे धाडसाचे ठरेल. शिवाय जेथे उपचाराचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून किंवा विम्याच्या सामाईक निधीतून होतो, तेथे नुकसान एकट्या ग्राहकाचे राहतच नाही.

वय, कर आणि बंदी

सरकारांनी तीन मार्ग चोखाळले. पहिला वयोमर्यादेचा. फ्रान्सने १९९७ साली अठरा वर्षांखालील मुलांना या यंत्रांचा वापर करू देण्यास मनाई केली. जर्मनीने २००९ साली तसाच कायदा केला. इंग्लंड आणि वेल्ससाठी २०१० साली संमत झालेला कायदा पुढील वर्षी अमलात आला. अमेरिकेत हा विषय बहुतांशी राज्यांकडे राहिला. कॅलिफोर्नियाने २०१२च्या आरंभापासून अल्पवयीनांवर सरसकट बंदी घालून पहिले पाऊल टाकले. केंद्रीय औषध प्रशासनाने २०१४ साली यंत्रांवर ठळक इशारा छापणे सक्तीचे केले आणि २०१५च्या डिसेंबरात देशभर वयोमर्यादा लागू करण्याचा प्रस्ताव मांडला. हा मार्ग तत्त्वतः निर्दोष आहे, अडचण अंमलबजावणीची. काही ठिकाणी नाणे टाकून चालणारी यंत्रे होती, दुकानात माणूसच नसे. यंत्र वय विचारीत नाही. स्कॉटलंड आणि वेल्सने अशा देखरेखीविना चालणाऱ्या यंत्रांना मनाई केली, ती याच कारणास्तव.

दुसरा मार्ग कराचा. अमेरिकेच्या २०१० सालच्या आरोग्यसेवा कायद्याने १ जुलैपासून या सेवेवर १० टक्के कर बसविला. मूळ विचार सौंदर्यशस्त्रक्रियांवर ५ टक्के कर लावण्याचा होता. त्या व्यवसायाने विरोध केला तेव्हा भार इकडे सरकला. दहा वर्षांत २७० कोटी डॉलर मिळतील, असा अंदाज होता; प्रत्यक्षातील वसुली त्याहून पुष्कळच कमी झाली. त्याची काही कारणे कराच्या रचनेतच होती. व्यायामशाळा जर वर्गणीतच ही सोय देत असेल आणि तिचे वेगळे पैसे घेत नसेल, तर ती करातून सुटे. अनेक दुकानांत महिन्याची ठरावीक रक्कम भरली की हवे तितक्या वेळा पेटीत जाता येई. कर त्या रकमेवर बसे. पहिल्या खेपेनंतरच्या प्रत्येक खेपेची किंमत गिऱ्हाइकाच्या लेखी शून्यच राही. वस्तू महाग करून सवय कमी करावी हा कराचा हेतू असतो. येथे नेमकी सवयच करमुक्त राहिली. त्यातही मोठी अडचण तत्त्वाची आहे. कर भरपूर आला तर धंदा जोरात आहे, आणि कर आला नाही तर हिशेब चुकला, अशा पेचात तिजोरी सापडते. दारूवरील उत्पन्नाच्या बाबतीत हा पेच आपल्या राज्यकर्त्यांनाही अपरिचित नाही.

तिसरा मार्ग बंदीचा. ब्राझीलच्या आरोग्य नियामक संस्थेने कर्करोग संशोधन संस्थेच्या निष्कर्षानंतर काही महिन्यांतच, २००९च्या नोव्हेंबरात, सौंदर्यासाठी या यंत्रांचा वापर देशभर बंद केला. परंतु न्यायालयीन वाद आणि चोरटी दुकाने यांमुळे आदेश पुरता अमलात आला नाही. २०२५ साली त्या संस्थेने यंत्रांत बसविण्याच्या नळ्यांचीच निर्मिती, आयात आणि विक्री रोखली. शेकडो दुकानांवर धाडी घालण्यापेक्षा एका आवश्यक सुट्या भागाचा पुरवठा तोडणे सोपे, हा यातील व्यवहारी विचार अभ्यासण्याजोगा आहे.

ऑस्ट्रेलियाचा धडा

बंदीचे सर्वांत बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. ब्रिटिश बेटांतून आलेल्या फिकट कातडीच्या लोकांची वस्ती प्रखर सूर्याखाली झाल्यामुळे त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण तेथे जगात सर्वाधिक असलेल्या देशांत गणले जाते. अंगभर कपडा घाला, मलम लावा, टोपी घाला, असा प्रचार तेथे १९८१ सालापासून चालू आहे. एकीकडे सार्वजनिक पैशाने लोकांना उन्हापासून परावृत्त करायचे आणि दुसरीकडे उन्हाहून तीव्र किरण विकणारी दुकाने रस्तोरस्ती चालू द्यायची, ही विसंगती पाव शतक खपून गेली.

ती उघडी पाडली क्लेअर ऑलिव्हर या मेलबर्नच्या तरुणीने. तिला मेलॅनोमा झाला होता आणि तिने ही यंत्रे वापरली होती. आयुष्याचे अखेरचे दिवस तिने वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणीवरून तरुणांना सावध करण्यात घालविले. सव्विसावा वाढदिवस झाल्यावर थोड्याच दिवसांत, सप्टेंबर २००७ मध्ये, तिचा मृत्यू झाला. एका रुग्णाच्या बाबतीत कारण सिद्ध करणे वैद्यकाला कठीण असते. परंतु आकडेवारीने जे लोकांच्या मनापर्यंत पोहोचले नव्हते, ते तिच्या बोलण्याने पोहोचले. व्हिक्टोरिया राज्याने लगोलग परवाने सक्तीचे केले आणि अल्पवयीन, तसेच अतिशय गोऱ्या कातडीच्या गिऱ्हाइकांना मज्जाव केला. फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यू साउथ वेल्सने पूर्ण बंदी जाहीर केली आणि व्यावसायिकांना २०१४च्या अखेरपर्यंत मुदत दिली. इतर राज्ये तिच्यामागोमाग गेली, आणि २०१६च्या आरंभी पश्चिम ऑस्ट्रेलियाची बंदी अमलात आल्यावर देशात हा धंदा कायदेशीरपणे चालविणे अशक्य झाले. खासगी घरांतील यंत्रे मात्र बंदीच्या कक्षेबाहेर राहिली आणि काही ठिकाणी त्यांचा चोरटा व्यवहार चालला. बंदीने सर्व काही संपत नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण भर बाजारातील उजळ पाटीचे दुकान, त्याची जाहिरात आणि त्यातून येणारी प्रतिष्ठा ही संपतात. आणि सतरा वर्षांची मुलगी मुख्यतः त्या पाटीमुळेच आत जाते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: तंबाखूने कितीतरी अधिक माणसे मरतात, तिच्यावर बंदी नाही, मग याच धंद्यावर का? प्रश्नाचे उत्तर प्रश्नातच आहे. तंबाखूचे दुष्परिणाम निर्विवाद ठरले तोवर तिच्यावर शेतकरी, विडी कामगार, कारखानदार, दुकानदार आणि खुद्द सरकारी महसूल इतके जण अवलंबून होते, की बंदीची किंमत कोणत्याही सरकारला परवडणारी राहिली नव्हती. घातक धंद्याला आवर घालण्याचा खर्च त्या धंद्याच्या वयाबरोबर वाढत जातो. रापविण्याची दुकाने ऑस्ट्रेलियात थोडी होती, त्यांतील भांडवल मर्यादित होते, आणि रंगच हवा असेल त्याला वरून लावायचा निरुपद्रवी पर्याय उपलब्ध होता. समाज ज्याला मुकला असे काही मौल्यवान त्या धंद्यात नव्हते. म्हणूनच तेथे बंदी शक्य झाली आणि शहाणपणाचीही ठरली. युरोपातील आणि अमेरिकेतील सरकारे वयोमर्यादेवर थांबली, याचे एक कारण तेथे हा धंदा अधिक जुना, अधिक मोठा आणि अधिक संघटित होता, हेही आहे.

आरशाची दुसरी बाजू

आपल्याकडे या यंत्रांचा प्रश्न नाही. सावळ्या कातडीतील रंगद्रव्य हे एक नैसर्गिक छत्र आहे आणि मेलॅनोमाचे प्रमाण येथे फारच कमी आढळते. तथापि गोऱ्यांना काळवंडायचे आहे, तसे सावळ्यांना उजळायचे आहे. बाजाराला दोन्ही सारखेच. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली मूत्रपिंडाच्या विकाराचे काही रुग्ण आढळले. त्यांच्या विकाराचा धागा डॉक्टरांनी शोधला, तो पारा असलेल्या, धड नावगाव नसलेल्या उजळपणाच्या मलमांपर्यंत जाऊन पोहोचला. सौंदर्यप्रसाधनांत पारा वापरण्यास आपल्याकडे कायद्याने मनाई आहे, आणि मिनामाता कराराच्या सदस्य राष्ट्रांनीही अशा प्रसाधनांची निर्मिती व आयात-निर्यात थांबविण्याचे ठरविले आहे. पण मलमाच्या डबीला वय कळत नाही आणि तिच्यातील पारा ग्राहकाला दिसत नाही. लाभ आज, नुकसान पुढे. विक्रेत्याला माहिती, ग्राहकाला आशा: रचना तीच आहे.

म्हणून ऑस्ट्रेलियाचा अनुभव हा दूरदेशीच्या एका चमत्कारिक हौसेचा अनुभव म्हणून बाजूस सारता येणार नाही. ग्राहकाच्या स्वातंत्र्याचा आदर करणाऱ्या समाजानेही कोणत्या बाजारात ते स्वातंत्र्य खरे आहे आणि कोणत्या बाजारात केवळ नावाचे आहे, याची छाननी केली पाहिजे. नावाचे असेल तर निर्णय लवकर घेतला पाहिजे. पुरावा हाती आल्यानंतर उलटणारे प्रत्येक वर्ष धंद्याच्या पदरात नवे गिऱ्हाईक, नवा कामगार आणि नवा हितसंबंध टाकते. आणि मग जे काम सरकारच्या एका आदेशाने झाले असते, त्यासाठी एक पिढी खर्ची पडते.